तांबूस अंडी

आत्ती परड्यातल्या खोपटातून बाहेर आल्या त्या बोट तोंडात धरूनच. तिन्हीसांज झाली होती. मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते.

"टोचलं वाटतं काळीनं?" मी विचारलं.

त्यांनी नुसती मान हलवली. मग बोट पदराला पुसलं, डब्यातली चिमूटभर हळद त्यावर दाबली आणि भिंतीला टेकून बसल्या.

काळी म्हणजे आमची खुडूक झालेली कोंबडी. अंडी द्यायचं थांबवून ती आठवडाभर खोपटातल्या पाटीत रिकामीच बसून होती. जवळ गेलं की पिसं फुगवून घशातून गुरगुरायची, आणि कुणी अंगाखाली हात घातलाच तर रक्त निघेल अशी टोचायची. वाडीतल्या निम्म्या बायकांनी तिचा प्रसाद खाल्लेला होता. त्यामुळं सासूबाईंना टोचलं यात मला काही नवल वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटलं. त्या दुपारीच आमचं दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं.

वाजलं होतं अंड्यांवरून.

माझी आई जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. तेरावं उरकलं, आणि भाऊ म्हणाला, आता इथं कोंबड्यांच्या मागं कोण पळणार. आईची एक तांबडी कोंबडी होती, तिची अंडीही चांगली तांबूस रंगाची असायची, मोठी आणि टणक. ती कोंबडीसुद्धा त्यानं इतरांबरोबर बाजारात विकली. मी एवढंच केलं, तिची शेवटची अंडी पाटीतून उचलली, कोंड्याच्या डब्यात नीट पुरली आणि डबा मांडीवर घेऊन एसटीनं सासरी आले. वहिनी म्हणाली, साडी घेऊन जा आईची. मी म्हटलं, साडी फाटते.

पण अंडीही टिकत नाहीत. वेळेत कोंबडीखाली गेली तर त्यांची पिल्लं होतात, नाहीतर आतल्या आत नासतात. आणि अख्ख्या वाडीत त्या वेळी खुडूक कोंबडी एकच होती, ती आमची काळी. म्हणजे काळीची मालकीण जे म्हणेल ते.

मालकीण दुपारी सोप्यात बसून नाचणी पाखडत होती. शेजारी आमची शेजारीण बायाक्का पाय पसरून बसली होती. मी डबा घेऊनच पुढं गेले.

"आत्ती, काळीखाली तुमच्या अंड्यांबरोबर आईची पण अंडी ठेवूया का?"

"एका खुडकीखाली दोन घरची अंडी ठेवत न्हाईत," आत्ती म्हणाल्या. मान वर केली नाही.

"का? कोंबडीला काय कळतंय कुठल्या घरची ते?"

"तिला कळतंय का न्हाई मला ठावं न्हाई. आमच्यात ठेवत न्हाईत."

"मग नुसती माझीच ठेवा."

बायाक्का फिस्सकन हसली. "आगं बाय! आन म्हातारीनं काय आपली अंडी भाजून खायाची व्हय? येक येक निवडून ठेवल्यात तिनं."

ते खरंच होतं. आत्तींची पांढरी अंडी कोपऱ्यात एका जुन्या बुट्टीत फडक्याखाली झाकून ठेवलेली होती, आणि त्या रोज ती उजेडाला धरून बघायच्या. पण मला ते दिसत असूनही दिसत नव्हतं.

"माझ्या आईचं एवढंच उरलंय, आत्ती," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

तेव्हा कुठं त्यांनी सूप खाली ठेवलं. "मेलेल्या माणसाचं अंड्यात काय ऱ्हातंय, पोरी? तुझी आई चांगली बाई हुती. आता न्हाई. ती अंडी आज न्हाई तर उद्या नासणार. त्यापरास आमटी कर. दोन घास खा. आरशात बग जरा, काय कळा झालीया तुझी."

आईच्या अंड्यांची आमटी! माझं डोकंच फिरलं. मी तोंडाची फटकळ, त्यात आईविना झालेली. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण शेवटचं आठवतं. "उद्या पहिल्या गाडीनं इचलकरंजीला जाते ह्यांच्याकडं. परत या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही."

माझे यजमान तेव्हा इचलकरंजीला मागावर कामाला होते, चौघांत मिळून एक खोली. तिथं मी राहणार कुठं हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

"जा की," आत्ती म्हणाल्या आणि परत सूप उचललं. "जाताना दार तेवढं वढून घे. मांजार शिरतंय."

मी आतल्या खोलीत जाऊन पिशवी भरली आणि डबा फळीवर ठेवून दिला. दिवस मावळेपर्यंत मी त्या खोलीतून बाहेर आले नाही.

तर अशा त्या दिवशी आत्ती भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि बोलत नव्हत्या. आता आमच्या आत्ती म्हणजे झोपेतसुद्धा कुणाला तरी दटावणारी बाई. त्या गप्प बसल्यात म्हणजे राग चांगलाच मुरलाय, असं मी धरून चालले. म्हटलं, बसा. मीही काही कमी नाही.

भाकऱ्या झाल्या. मी ताट त्यांच्यापुढं सरकवलं.

"जेवा."

त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"माझा राग भाकरीवर काढू नका."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, तेही धड नाही, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी. मला वाटलं, बघा, सुनेकडं नीट बघायचीसुद्धा इच्छा नाही म्हातारीला. मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ आदळला आणि माझं ताट वाढून घेतलं.

दोन घास खाल्ले असतील नसतील, त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी ओठाच्या कडेनं खाली सांडलं. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा सांडलं. मग त्यांनी डावा हात उचलला, एका बोटानं स्वतःच्या डोळ्याची पापणी वर ढकलली आणि तशी धरून माझ्याकडं बघितलं.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. आज इतकी वर्षं झाली, तरी कुणी डोळा चोळायला बोट वर नेलं की मी आधी त्याचा हात खाली ओढते.

मी रॉकेलची चिमणी घेऊन त्यांच्याजवळ गेले. उजवा हात मनगटापर्यंत सुजला होता. हळद पुसून बघितली तर बोट काळंनिळं पडलेलं, आणि त्यावर शेजारीशेजारी दोन बारीक भोकं. कोंबडी टोचली तर कातडं सोलतं, फाटतं. हे तसं नव्हतं.

"आत्ती, हे काळीनं केलं? काय होतं तिथं? बोला की! अहो, बोला!"

त्यांनी ओठ घट्ट मिटले. एवढंच नाही, डाव्या हातानं स्वतःचं तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, उलटी येतेय.

मी बोंब ठोकली. बायाक्का आणि तिचा नवरा केरबातात्या धावत आले. केरबातात्यांनी चिमणी बोटाजवळ नेली आणि लगेच मागं घेतली.

"ही टोच न्हवं," ते म्हणाले. "पान लागलंय."

आमच्याकडं अंधार पडल्यावर सापाचं नाव घेत नाहीत. पान लागलं म्हणतात. मला ते माहीत होतं, तरी पटेना. खोपटात काय असणार? खोपटात तर कोंबडी होती.

"नाथाच्या देवळात घेऊया," केरबातात्या म्हणाले. "गुरव अंगारा लावंल, तवर..."

"देवळाच्या वाटेवर दवाखाना असंल तर घ्या देवळात!" मी ओरडले. "सर्जाला बोलवा. त्याची दुधाची जीप आणा. आत्ता!"

केरबातात्या माझ्यापेक्षा वयानं दुप्पट. त्यांच्याशी अशी कोण बोलणार? पण ते निमूट पळाले.

सर्जानं दुधाचे कॅन रस्त्यावरच उतरवले आणि आत्तींना मागं निजवलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, जिथं काही दिवसांपूर्वी आईच्या अंड्यांचा डबा होता. वाटभर मी एकच बडबडत होते. "आत्ती, बोला. मला शिव्या घाला. दुपारच्यासारखं बोला. जा म्हणा, दार ओढून घे म्हणा, काहीतरी म्हणा." त्यांच्या घशातून घरघर येत होती. शब्द एक आला नाही. माझा हात मात्र त्यांनी सोडला नव्हता.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं पापण्या बघितल्या, हात बघितला आणि पुढचं सगळं इतक्या भराभर केलं की मला काही कळलंच नाही. सापावरची लस चढली. थोड्या वेळानं आत्तींची छाती हलायची थांबली, तेव्हा तिनं घशात नळी घातली आणि नळीला एक रबरी फुगा जोडला.

"हा दाबत राहायचा," ती मला म्हणाली. "दाबा, सोडा. थांबायचं नाही. जमेल?"

मी फुगा हातात घेतला. दाबला की आत्तींची छाती वर यायची, सोडला की खाली जायची. जिच्या उंबऱ्यात पाय टाकणार नाही म्हणाले होते, तिचा श्वास माझ्या मुठीत होता. हात भरून आले की सर्जा दाबायचा, मग पुन्हा मी. इतकी भ्याले होते की रडूसुद्धा आलं नाही.

आत्ती वाचल्या. त्या स्वतःहून श्वास घ्यायला लागल्या, पापण्या उघडल्या, नळी निघाली. यजमान इचलकरंजीहून आले ते आईच्या पायाशी बसून हुंदकेच द्यायला लागले. आत्तींनी त्यांच्या डोक्यावरून डावा हात फिरवला. पेज प्यायल्या. उठून बसल्या. फक्त बोलल्या नाहीत.

"नळीमुळं घसा बसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक-दोन दिवसांत मोकळा होईल."

ते दिवसही गेले. बाईंनी बॅटरी मारून घसा पाहिला, जीभ बाहेर काढायला लावली, हात दाबायला लावले. सगळं ठीक होतं. "आजी, नाव सांगा तुमचं," त्या म्हणाल्या. आत्ती त्यांच्याकडं बघून हसल्या आणि ओठ मिटून बसल्या.

एक गोष्ट मात्र त्या सारख्या करायच्या. डाव्या हाताची मूठ करायची, ती खाली न्यायची आणि बोटं हळूहळू उघडायची. मग माझ्याकडं बघायचं. परत तेच. सिस्टरला वाटलं, भूक लागलीय, तिनं बिस्किटं आणून दिली. यजमानांना वाटलं, आई दानधर्म करायला सांगतेय, त्यांनी दारातल्या भिकाऱ्याला पैसे दिले. आत्तींनी कपाळावर हात मारून घेतला. एकदा तर त्या खाटेवरून उतरून थेट दरवाजाकडं निघाल्या. दोघांनी धरून आणलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्तींच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. "बराच वेळ श्वास कमी पडला होता. मेंदूला काही झालंय का ते इथं कळणार नाही. कोल्हापूरला दाखवा. उद्याच न्या."

यजमान तिथंच भिंतीला धरून उभे राहिले. "आईची वाचा गेली, शालन," ते म्हणाले. "आता ती आपल्याला कधीच काय बोलणार न्हाई."

कोल्हापूरला जायचं म्हणजे कपडे हवेत. ते आणायला मी सर्जाच्या जीपनं वाडीवर आले. त्या संध्याकाळनंतर घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. आतल्या खोलीत माझी इचलकरंजीची पिशवी होती तशीच होती. फळीवर डबाही होता, पण झाकण बाजूला पडलेलं. मी हात घालून कोंडा चाळला. आत एकही अंडं नव्हतं.

मी ओरडतच बाहेर आले. बायाक्का आमच्याच परड्यात होती, आमच्या माघारी तीच कोंबड्यांचं बघत होती.

"माझी अंडी कुणी नेली? घरात माणूस मरायला टेकलंय आणि तुमच्या पोरांना अंडी सुचतात?"

"माझ्यावर कशाला वरडालीस?" बायाक्का म्हणाली. "ये हिकडं. त्वांड बंद ठेव आन नुसतं बग."

तिनं खोपटाच्या दारात मूठभर कण्या टाकल्या. काळी गुरगुरत पाटीतून उठली आणि बाहेर आली. पाटीत पेंढ्यावर अंडी होती. मोठी, टणक, तांबूस. प्रत्येकावर कोळशाची एक ताजी रेघ होती, कारण बसवलेली अंडी ओळखू यावीत म्हणून आत्ती अशी रेघ ओढत असत. त्यात पांढरं अंडं एकही नव्हतं.

मी घरात धावले. कोपऱ्यातल्या बुट्टीवरचं फडकं ओढलं. आत्तींची एक एक निवडलेली अंडी तिथं जशीच्या तशी होती.

म्हणजे मी चुलीपुढं बसले तेव्हा आत्तींनी आत जाऊन माझा डबा रिकामा केला होता. मी परत परड्यात आले. बायाक्का खोपटाच्या दारात बसली होती.

"मला बी दुसऱ्या दिशी दाणा घालताना कळलं," ती म्हणाली. "त्या दुपारी तू भांडून आत गेलीस, म्हातारी लई येळ नाचणी पाखडत बसली. मग म्हणली, 'दोन घरची ठेवत न्हाईत. मग येकाच घरची ठेवावी.' मला वाटलं, आपलीच म्हणतीया. मी तरी काय म्हणू?"

"आणि साप?"

"तुमी जीपमदनं गेलासा आन ह्यांनी कंदील घिऊन बगितलं. नागच हुता. पाटीच्या मागं, पेंढ्यात त्वांड खुपसून बसल्याला. ह्यांनी काठीनं भायेर हुसकावला. काळी आपल्यावर गुरगुरती म्हणून आपुन हसत हुतो. ती त्याच्यावर गुरगुरत हुती गं."

मी पाटीजवळ वाकले. कडेच्या दोन अंड्यांवर, कोळशाच्या रेघेशेजारी, रक्ताचे वाळलेले डाग होते. म्हणजे चावल्यावरही तो हात पुन्हा आत गेला होता. काळीनं टोचलं असं समजून त्यांनी राहिलेली अंडीही जागेवर ठेवली होती. मग बाहेर आल्या होत्या, बोट तोंडात धरून.

"पण त्या ओरडल्या का नाहीत?" मी विचारलं. "कोंबडी टोचली तरी माणूस आई गं म्हणतंच की. आणि नंतर मी एवढं विचारत होते..."

बायाक्कानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी परक्या मुलखातून आले होते. "आगं, अंडी मांडताना बोलतंय व्हय कुणी? तुज्या म्हायेरात न्हाई का ही रीत?"

"कसली रीत?"

"अंडी मांडाय घेतली की त्वांडातनं सबूद काढायचा न्हाई. रातभर. सकाळ झाली की खुडकीला आपल्या हातानं दाणा घालायचा, पयलं बोलणं तिच्यासंगट करायचं, मग बाकीच्या जगासंगट. मदी बोललं की अंडी मुकी ऱ्हात्यात. आतलं पिल्लू चोच मारत न्हाई, आतच मरतंय. मी रोज दाणा घालाल्ये, पर सबूद काढला न्हाई तिच्याम्होरं. त्यो मान जिनं मांडली तिचा."

मी खोपटाच्या दारात मटकन बसले. मिटलेले ओठ. तोंडावर घट्ट दाबलेला हात. ती मूठ, खाली जाणारी, हळूहळू उघडणारी. आत्ती दाणा घालत होत्या! दाणा घालायला घरी जाऊ द्या म्हणून सांगत होत्या, आणि आम्ही त्यांना बिस्किटं देत होतो. घशात नळी घालायच्या आधी, श्वास कोंडत असताना, ही बाई माझ्या आईच्या अंड्यांसाठी तोंड दाबून बसली होती. आणि नळी निघाल्यावरही, इतके दिवस, लेक पायाशी रडत असताना.

मी रडले नाही. नुसती काळीकडं बघत राहिले. ती कण्या संपवून परत पाटीत चढली, पायानं अंडी सारखी केली आणि त्यांच्यावर पसरली.

मग मी उठले. काळीसकट पाटी उचलली. ती कडाडून टोचली, दोनदा. टोचू दे म्हटलं.

"आगं, काय करालीस?" बायाक्का ओरडली. "अंडी हादरतील!"

"हादरू देत."

आत्तींचं जुनं लुगडं मी पाटीवर टाकलं, पाटी मांडीवर घेतली आणि सर्जाला म्हटलं, "हळू चालव. खड्ड्यात घातलीस तर बघ." त्या दिवशी सर्जानं जशी जीप चालवली तशी त्यानं स्वतःच्या नवरीलाही आणली नसेल. हादरलेल्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत असं म्हणतात. आमच्या दोन सोडून सगळ्यांतून निघाली, पण ते नंतरचं.

दवाखान्याच्या दारात शिपायानं अडवलं. "ओ बाई, कोंबडी घेऊन कुठं?"

"पेशंटला भेटायला आलीय," मी म्हटलं आणि आत गेले.

आरडाओरडा ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वॉर्डात कोंबडी न्यायची नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. मी म्हटलं, नेत नाही. पेशंटला बाहेर आणा. माझ्या तोंडाकडं बघून त्या काय समजल्या कुणास ठाऊक, पण त्यांनी मान डोलावली. यजमानांनी आईला धरून व्हरांड्यात आणलं.

मी पाटी फरशीवर ठेवली आणि लुगडं बाजूला केलं. काळी फुगली आणि गुरगुरली.

आत्ती जागच्या जागी थांबल्या. त्यांनी काळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या दोन नजरांच्या मधे त्यांना कळलं की मला सगळं कळलंय. यजमानांचा हात सोडून त्या एकट्या पुढं आल्या आणि हळूहळू खाली बसल्या. मी पदराच्या गाठीतल्या कण्या त्यांच्यापुढं धरल्या. त्यांनी डाव्या हातानं मूठ भरली, खाली नेली आणि बोटं उघडली.

काळीनं एक डोळा वाकडा करून बघितलं. मग खायला लागली.

आत्तींचे ओठ हलले. आवाज आधी आलाच नाही. मग आला, घोगरा, खरखरीत, पण त्यांचाच.

"खा, बाय," त्या म्हणाल्या. "तुझ्याखाली माझ्या विहिणीची अंडी हाईत. नीट बस. येक बी मुकं ऱ्हाऊ दिऊ नगंस."

यजमान 'आई' म्हणून ओरडले. डॉक्टरीणबाईंच्या हातातला कागद खाली पडला. मी पाटीच्या पलीकडं फरशीवर बसले होते.

आत्तींनी उरलेल्या कण्या पाटीत झटकल्या आणि बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून माझ्याकडं वळल्या.

"आन तू गं? इचलकरंजीला जाणार हुतीस न्हवं? ग्येली न्हाईस ती?"

मी तोंड उघडलं. सांगायचं खूप होतं. पण नुसती मान हलवली.

"बोल की," आत्ती म्हणाल्या. "तुला कुणी गप ऱ्हायला सांगितलंय?"